डाव्या हातासाठी बेलापूर

बेलापूरला जाऊन आलो म्हटलं की सांगलीत पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नवी मुंबईतलं?" नव्हे. हे बेलापूर नगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूरला लागून, प्रवरेच्या काठचं. पाट्यांवर आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर लिहिलेलं असतं, बोलताना सगळे अजून नगरच म्हणतात. दुसरा प्रश्न, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" असेल काहीतरी. मी बघायला गेलोच नव्हतो. मी पियानो शिकायला गेलो होतो, आणि तोही लॅटिन जॅझ. हे सांगितल्यावर तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. समोरचा माणूस चहा मागवतो आणि उसाच्या दराबद्दल बोलायला लागतो.

तर आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर छप्पन्न वर्षांचा माणूस थंडीत पिशवी घेऊन तिकडे कशाला गेला हे कळायचं नाही. मी किबोर्ड वाजवतो. सगळं आयुष्य ऑर्केस्ट्रात गेलं. हल्ली गायक खिशातून पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि त्यातच तबला, गिटार, व्हायोलिन, मी, सगळे असतो. आमच्यातले काही रिक्षा चालवतात, काही घरी बसून बायकोशी भांडतात. मी कोल्हापूरच्या एका हॉटेलात संध्याकाळी जेवणाऱ्यांच्या पाठीमागे वाजवतो. लोक सोलकढी मागतात, मी वाजवतो, ते पुन्हा सोलकढी मागतात. माणसांबरोबर, म्हणजे खऱ्या हाडामासाच्या वादकांबरोबर वाजवून मला किती काळ लोटला हे आठवायचा प्रयत्नही मी सोडून दिला होता.

अशात पुण्याहून केतकीचा फोन आला. माझ्या जुन्या गिटारवाल्या मित्राची मुलगी. बेस गिटार वाजवते. तिचा चौघांचा बँड क्युबाकडचं संगीत वाजवतो, आणि त्यांचा पियानोवाला शिकायला परदेशी निघून गेला होता. "काका, येऊन बघता का?" मी गेलो. तीनदा सुरू केलं, तीनदा तिने हात वर करून थांबवलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही समेवर पडता."

आता समेवर पडणं हा काय गुन्हा आहे? आपलं सगळं संगीतच त्यावर उभं आहे. कुठेही भटका, कितीही ताना घ्या, पहिल्या मात्रेवर येऊन बसलात की ऐकणाऱ्याची मान हलते आणि तो "वा" म्हणतो. पण या लॅटिन जॅझमध्ये डावा हात पहिल्या मात्रेवर येतच नाही. तो तिच्या आधीच, चौथ्या मात्रेवर येऊन बसलेला असतो, आणि पहिली मात्रा येते तेव्हा मुकाट असतो. वर उजवा हात तुटक तुटक सुरांची एकच वेल पुन्हा पुन्हा विणत राहतो. त्याला ते लोक मोंतुनो म्हणतात. त्या रिकाम्या पहिल्या मात्रेमुळेच ऐकणाऱ्याचे पाय उचलले जातात. मी ती जागा दर वेळी इमानेइतबारे भरत होतो, आणि त्या पोरांचं सगळं नाचणं जागच्या जागी बसत होतं.

केतकीने संक्रांतीनंतरची तारीख दिली. "तोवर जमलं तर तुम्हीच, काका. नाहीतर मग आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल." मी घरी येऊन व्हिडिओ बघितले. पण व्हिडिओतला माणूस स्वतःचंच वाजवतो, आपली चूक त्याला ऐकू येत नाही. शेवटी मिरजेच्या एका ट्रंपेटवाल्याने शांतवन मास्तरांचं नाव सांगितलं. मास्तर तरुणपणी प्रवासी जहाजांवर पियानो वाजवायचे. क्युबाकडच्या बंदरांत, तिकडच्याच वादकांकडून शिकलेला माणूस. आता गावी असतात, बेलापूरला. मी फोन केला. पलीकडून, नगरकडच्या ख्रिस्ती माणसांच्या रीतीने, आवाज आला, "सलाम. कोन?" मी सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "डावा हात हाय का तुमाला? मग या."

बेलापूर

मास्तरांचं घर गावाच्या कडेला. पुढे अंगणात पेरूचं झाड, मागे न्हाणीघर आणि चूल, आणि मधल्या खोलीत तो पियानो. कुठल्याशा जुन्या मिशन बंगल्यातून बैलगाडीत घालून आणलेला. एका पायाखाली वीट, आत उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या, वर क्रूस, औषधांचा डबा आणि बाजरी पाखडायचं सूप. खालचे काही सूर मुके होते. बाकीचे सूर मास्तर स्वतः पान्याने पिळून जागेवर आणत. नगरच्या थंडीत ते सूर सकाळी एक बोलत आणि दुपारी दुसरं.

मास्तर पंचाहत्तरीच्या घरात, उंच, वाकलेले, कानटोपी घातलेले. त्यांच्या बायको रूथबाई बुटक्या आणि चटपटीत. गावात त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. त्यांनी मला आल्या आल्या गरम पाणी, मग चहा, मग पेरू दिला आणि विचारलं, "भाऊ, तिकडं शिकवनारं कोनीच न्हाई का? हितवर आलात म्हनून इच्यारते."

पहिल्या दिवशी मास्तर मला "तुमी" म्हणाले. मी वाजवून दाखवल्यावर "तू" झालो, आणि संध्याकाळपर्यंत "पेटीवाला".

"पेटीवाला हायस तू," ते म्हणाले. "किबोर्ड घेतलास म्हनून काय झालं? पेटीवर डावा हात भाता हलवतो. तुजा अजून भाताच हलवतोय. सूर वाजवतोय असं त्याला वाटतं, पर हलवतोय भाताच."

मला राग आला. पण खरं होतं. मी शिकलो पेटीवर, माझ्या गुरुजींच्या घरी, आणि इतक्या वर्षांत डाव्या हाताला उजव्यामागे फरफटत जाण्यापलीकडे काही काम मी दिलंच नव्हतं.

मास्तर सांगत ते इतकं नेमकं की ऐकतच राहावं. "पयली मात्रा तुजी न्हाई. ती नाचनाऱ्याची. त्याचा पाय तिथं पडनार हाय. तू आदीच तिथं जाऊन बसलास तर त्यानं पाय कुटं ठेवायचा?" हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. ते लाकडाच्या दोन काटक्या घेऊन त्यांच्या तालाचं गणित दाखवत, तीन ठोके इकडे, दोन तिकडे. मग स्वतः वाजवून दाखवत. त्यांचे डोळे मिटलेले असत, कानटोपी मागे सरकलेली असे. मला वाटायचं, आपण बरोबर जागी आलो.

एक शहाणपणा मी दुसऱ्या दिवशी केला. बाहेर रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालला होता आणि त्यावर हलगीचं गाणं दणदणत होतं. मी म्हणालो, "मास्तर, ही हलगी आणि तुमच्या काटक्या, दोन्ही एकच की. म्हणजे मूळ आपलंच म्हणायचं." मास्तरांनी झाकण खाली आपटलं.

"समदं आपलंच असतंय का रे? कुनी लांबच्या मान्सानं घाम गाळून केलेलं हाय. आपलं म्हनलं की शिकायला लागत न्हाई, म्हनून म्हनता तुमी लोक आपलं." दुपारभर त्यांनी मला शिकवलं नाही. मी अंगणात बसून पेरू खाल्ले.

जेवण मात्र दोन्ही वेळा वेळेवर. आमच्या सांगलीकडे शाळूची भाकरी, पांढरी आणि पातळ. इकडे थंडीत बाजरीची, जाड, वर तीळ लावलेली, आणि सोबत मसाल्याची ती काळीभोर शिपी आमटी. ही आमटी तिखट आहे असं म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धार लागली आणि रूथबाईंनी न विचारता गुळाचा खडा पुढे केला. भाकऱ्या त्या मागच्या चुलीवर करत. चूल आणि पियानो यांच्या मध्ये एक खिडकी. संध्याकाळी मास्तर आत वाजवत आणि बाहेरून भाकरी थापल्याचा आवाज येत राही. मला ते फार छान वाटायचं. घरी गेल्यावर असं काहीतरी लिहायचं, असंही मी मनात ठरवून टाकलं होतं.

घोडेगाव

माझा डावा हात काही केल्या सुधारेना. पहिली मात्रा जवळ आली की मान हलायची, आणि मानेबरोबर हात पडायचा. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "चल, घोडेगावला जाऊ. बाजार हाय." त्यांच्या पुतण्याला गाय घ्यायची होती. मला वाटलं, कंटाळले बिचारे माझ्या वाजवण्याला.

घोडेगावचा जनावरांचा बाजार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. गाई, म्हशी, बैल, शेळ्या, टेम्पोंच्या रांगा, शेणाचा आणि तळलेल्या भज्यांचा एकत्र वास, आणि प्रत्येक जण एकाच वेळी बोलतोय. मास्तरांनी मला एका कोपऱ्यात नेलं. तिथे दोन दलाल एकमेकांचा हात धरून उभे होते आणि हातांवर उपरणं टाकलेलं होतं. उपरण्याच्या आत बोटं दाबून सौदा चाललेला. बाहेर त्यांची तोंडं अशी, की जणू लग्नात भेटून पावसापाण्याची चौकशी चाललीय.

"त्याच्या तोंडाकडं बघ," मास्तर म्हणाले. "हात काय करतोय ते तोंडाला ठावं हाय का?"

मी त्या दलालाला विचारलं, "हे कसं जमतं हो?"

तो म्हणाला, "तोंडाला कळलं की समोरच्याला कळलं. मंग संपलंच की."

मी जास्त जवळ जाऊन बघायला लागलो आणि तेवढ्यात मागून एका म्हशीने माझ्या उजव्या पायावर पाय दिला. पेडलचा पाय. मी असा ओरडलो की उपरण्याखालचा सौदा थांबला. दलाल रागाने म्हणाला, "पावनं, म्हस घ्यायची नसंल तर तिच्या पायाखाली तरी येऊ नका." पुतण्याची गाय राहिली बाजूला, मला टेम्पोत घालून परत आणलं. रूथबाईंनी पायाला आंबेहळद लावली. पाय सुजून पेडलवर बसेनासा झाला.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी आपलं उपरणं माझ्या दोन्ही हातांवर टाकलं. "आता वाजव. मान हलली की उठून जायचं." हात दिसत नव्हते, पाय पेडलवर नव्हता, मान आखडून धरली होती. दलालासारखं तोंड करून मी वाजवत राहिलो, आणि थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "हां." मला भरून आलं. सगळ्या आयुष्यात इतक्या थोडक्यात कोणी मला शाबासकी दिली नव्हती.

पुन्हा बेलापूर

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते असं म्हणायला हरकत नव्हती, जर मी त्या फोनच्या फंदात पडलो नसतो.

झालं असं. मास्तर संध्याकाळी वाजवत बसले होते. इतके रंगात आले होते की मी हळूच मोबाईल काढून रेकॉर्ड केलं. केतकीला कळू दे आपण कुणाकडे शिकतोय ते, म्हणून तिला पाठवलं. खाली फक्त लिहिलं, "ऐक." सकाळी नदीवर फिरायला गेलो होतो. प्रवरेला पाणी बेताचं, काठाला ऊसतोडीवाल्यांची पालं, धूर निघत होता. तिथे तिचं उत्तर आलं.

"काका, मस्त! आधीपेक्षा खूप सफाई आली आहे. उजवा हात तर एकदम भारी. पण डावा हात अजूनही समेवरच पडतोय. थोडी प्रॅक्टिस आणखी."

मी ते दोनदा वाचलं. तिला वाटलं होतं मी वाजवतोय. मला हसू आलं. पोरीला काय कळतंय, म्हटलं. मग काठावरच्या एका दगडावर बसलो, रेकॉर्डिंग लावलं आणि पायाने मात्रा मोजल्या. सुजलेल्या पायाने. एक, दोन, तीन, चार, एक. एकला मास्तरांचा डावा हात पडत होता. हलका, सुंदर, न चुकता. पुन्हा लावलं. पुन्हा पडला. प्रत्येक वेळी पडला.

म्हणजे ज्या रोगासाठी मी आलो होतो, तो वैद्यालाच झालेला होता. आणि वैद्याला ते माहीत नव्हतं. ते तोंडाने सांगत होते ते सोन्यासारखं होतं, पण हात दुसरंच करत होता आणि माझे कान त्या हाताच्या मागे गेले होते. उपरण्याखाली मी जे वाजवलं आणि ज्याला त्यांनी "हां" म्हटलं, ते काय होतं? रात्रीचं माझंही एक रेकॉर्डिंग होतं. ते ऐकायची मला तिथे हिंमत झाली नाही.

मी घरी आलो तो पेटलेलाच. मास्तर प्रार्थनेला चर्चमध्ये गेले होते. रूथबाई मागे पीठ मळत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, "मास्तर पूर्वी असंच वाजवायचे का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना समजलं. पीठ मळायचं थांबलं नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पूर्वी लई येगळं हुतं. जहाजावरनं आले तवा असं वाजवायचे की माजी भाकरी फाटायची."

"म्हणजे?"

"अवो, मी हितं थापते, ते तिथं वाजवत्यात. माजा हात आपला सरळ. थप, थप. आनि ह्यांचा हात मधीच कुटं तरी पडायचा, मी थापायच्या आदीच. मग माजा हात चुकायचा आनि भाकरी फाटायची. बाजरीची भाकरी, जरा हात चुकला की गेली. मी वरडायचे. नीट वाजवा, न्हाईतर उपाशी बसा म्हनायचे. चर्चमधी बी तेच. लोकं टाळ्या वाजवायची एकावर, आनि ह्यांची पेटी आदी. लोकं म्हनायची मास्तर घसरवत्यात." त्यांनी गोळा परातीत टाकला. "कदी सरळ झालं, ठावं न्हाई. मला बी कळलं न्हाई. एकदा ध्यानात आलं, की लई दिसांत भाकरी फाटली न्हाई."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मला तवा बरं वाटलं हुतं, भाऊ." त्यांनी हाताचं पीठ पुसलं. "मग येकदा मिरजेचा तो ट्रंपेटवाला आला हुता. त्याच्याशी बोलताना हे म्हनाले, माज्याकडं दुसरं काय बी न्हाई, एवढा डावा हात हाय. तवा मला समजलं मी काय केलं ते. तुमी सांगू नका. पाया पडते."

त्या खरंच वाकायला लागल्या. मी त्यांना धरलं. आणि खरं सांगतो, मला त्यांची दया आली नाही. संताप आला. माझी तारीख चार दिवसांवर आली होती, आणि एका बाईच्या भाकरीपायी माझी शेवटची संधी वाया चालली होती, असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं. मी तेव्हाच पिशवी भरून पुण्याला निघायला हवं होतं. तिथे कुणीतरी धडपणे शिकवणारा गाठायला हवा होता. मी निघालो नाही. पाय दुखतोय असं कारण मी स्वतःला सांगितलं.

राहिलेल्या दिवसांत मी मास्तरांना वाजवून दाखवूच देत नव्हतो. म्हणायचो, "तुम्ही तोंडी सांगा, मी वाजवतो." ते सांगायचे. मी त्यांचं ऐकायचो आणि हात त्यांचाच आठवायचा. पुन्हा पडायचो. मास्तर म्हणायचे, "हां, आलं." मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, चिडायचो आणि पुन्हा वाजवायचो. सांगून टाकावं, असं दिवसातून दहादा ओठांवर आलं. रविवारी त्यांच्याबरोबर चर्चमध्येही गेलो. ते पेटीवर, पुढे तबला, आणि सगळी मंडळी एकाच माणसाची टाळी असावी तशी एकावर टाळ्या वाजवत होती. मास्तर त्यांच्या बरोबर मधोमध होते, तृप्त. एक म्हातारे गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तरांचा हात आता लई बसलाय बगा."

निघायच्या दिवशी मास्तर मला एसटीपर्यंत सोडायला आले. रूथबाईंनी दहा भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. माझ्याकडे वर बघितलं नाही. स्टँडवर मास्तर म्हणाले, "जहाजावरनं आलो तवापास्नं मी वाट बघत हुतो. कुनी तरी हे इच्यारायला येईल म्हनून. कुनी आलं न्हाई. तू आलास." मग माझ्या डाव्या हाताला धरलं आणि म्हणाले, "हा आता माजा हात हाय. सांभाळ."

तोंडाशी आलेलं मी गिळलं. एवढ्या जवळून कोणाचा जीव घेता येत असला तरी ते मला जमलं नाही, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं नाही. फक्त कडू झालो होतो. एसटीत चढलो, भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि श्रीरामपूर येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिलो.

पुणे, आणि मग घर

पुण्यात काय झालं ते लांबवण्यात अर्थ नाही. उरलेल्या तिघांनी मला मान दिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी वाजवलं. या वेळी केतकीने मध्ये थांबवलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि तेव्हाच मला कळलं. ती म्हणाली, "काका, खरं सांगू? आता तुम्ही आधीपेक्षा जास्त ठामपणे पडताय." ड्रमवाला पोरगा खाली बघून काटक्या पुसायला लागला. त्यांनी गोव्याच्या एका विशीतल्या मुलाशी आधीच बोलून ठेवलं होतं.

"कुठं शिकलात पण?" केतकीने विचारलं. चौकशी म्हणून. चांगली मुलगी आहे.

"व्हिडिओ बघून," मी म्हणालो.

सांगलीला परत आलो. पाय बरा झाला. हॉटेलात पुन्हा रुजू झालो. मास्तरांना फोन करायचं मी टाळत होतो, शेवटी त्यांचाच आला. संध्याकाळची वेळ होती, हॉटेलला सुट्टीचा वार.

"सलाम, पेटीवाल्या. काय झालं?"

"नाही घेतलं, मास्तर."

मग त्यांनी विचारलं, "का?" आणि त्या एका अक्षरात मला ऐकू आलं की उत्तराची त्यांना भीती वाटते आहे. कदाचित मलाच तसं वाटलं असेल.

"वय," मी म्हणालो. "म्हणाले, हात उत्तम आहे काका, पण आम्हाला आमच्या वयाचा पोरगा पाहिजे. विशीतला घेतला."

मास्तर एकदम खुलले. इतक्या शिव्या त्यांनी त्या पोरांना घातल्या की चर्चमधल्या माणसाने घालू नयेत. "त्यांना काय कळतंय रे! नाचायला वय लागतं व्हय? हात बघायचा सोडून दाढ्या बघत्यात! कायतरी घालवलं बघ त्यांनी. काय घालवलं ते त्यांना दाखवायला पायजे. थांब. थांब, ठेवू नको."

खडखड झाली. त्यांनी फोन पियानोवर ठेवला, औषधांच्या डब्याशेजारी असणार. आणि वाजवायला लागले. उजवा हात तसाच, तुटक, झळझळीत, जहाजावरचा. आणि मागे, लांबून, खिडकीपलीकडून रूथबाईंची भाकरी चालू होती. थप, थप. मी कान देऊन वाट बघितली. एक डाव. देवा, एक डाव तरी चुकू दे, एक तरी भाकरी फाटू दे, असं मी खरंच मनात म्हणालो.

मास्तरांचा डावा हात आणि त्यांच्या बायकोची थाप, दोन्ही एकदमच पडले, बरोबर एकावर. आणि माझ्या खोलीत मी एकटा फोन धरून उभा होतो, तरी माझी मान हलली.